न दिसणारा जाळ

आमच्या ईराच्या बारशाला भालूकाकांनी इअरमफ आणले होते. बाकी कुणी चांदीची वाटी, कुणी गिफ्ट कार्ड, कुणी झबलं-टोपडं आणलं होतं. आणि हे गृहस्थ विमानतळावरचे कामगार घालतात तसले जाडजूड कानझाके घेऊन आले होते, फक्त आकाराने लहान आणि रंगाने गुलाबी. पाळण्यावर वाकून त्यांनी ते स्वतः ईराच्या कानांवर बसवून पाहिले. माझ्या सासूबाई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर बारसं बघत होत्या. त्या घाबरल्या.

"काय झालं हो? पोरीच्या कानाला काही दुखणं आहे काय?"

"दुखणं न्हाई आणि होऊ बी देणार न्हाई," भालूकाका फोनमध्ये तोंड घालून म्हणाले. "कान झाकले की काम झालं. आता हिला रेसला आणायला तुमच्या लेकाला सबब उरली न्हाई."

मग मला कळलं की बॉथेल या आमच्या इथल्या गावातल्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात असे कानझाके आहेत. कुणाच्या गराजमध्ये पडलेले, कुणाच्या खेळण्यांच्या टोपलीत. बारसं असो नाहीतर पहिला वाढदिवस, भालूकाकांचं प्रेझेंट ठरलेलं. लोक तोंडावर थँक यू म्हणायचे आणि मागे हसायचे. मीही हसले होते. आता काका नाहीत, आणि कुठल्याही बर्थडे पार्टीत केक कापल्यावर पोरं टाळ्या वाजवायला लागली की मी आधी वळून बघते, कुणाला काही झालं तर नाही ना. ही सवय मला त्यांनीच लावली. जाता जाणार नाही अशी लावली.

भालूकाका म्हणजे भालचंद्र निंबाळकर. आमच्याच रस्त्यावर थोडं पुढे त्यांचं घर होतं. अंगाने ठेंगणे, मान आखूड, खांदे रुंद. कोल्हापुरात लहानपणी तालमीत घुमलेला माणूस सत्तरीतही लपत नाही. तरुणपणी इकडे आले, विमानांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून हयात काढली आणि रिटायर झाले. हे सगळं ते एका वाक्यात उरकायचे, कारण त्यांच्या मते त्यांचं खरं आयुष्य रिटायर झाल्यावर सुरू झालं, आणि तेही म्हशींमुळे.

काउंटीच्या जत्रेत जनावरांचं प्रदर्शन असतं. यंदा म्हशी आल्यात, असं कुणीतरी सांगितलं. म्हैस म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस घरी बसणार कसा? शालनकाकूंना गाडीत घालून ते तासभर ड्राइव्ह करून डोंगरांच्या बाजूला गेले. म्हशी होत्याही. पण मैदानाच्या मागच्या अंगाने इंजिनांचा फाडफाड आवाज आला म्हणून काका बघायला गेले, आणि म्हशी राहिल्या बाजूला. मागे मातीचा अंडाकृती ट्रॅक होता. त्यावर चार मोटरसायकली सुटायच्या, चार फेऱ्या मारायच्या, आणि मिनिटभरात खेळ खलास. याला स्पीडवे म्हणतात. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळण आलं की रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो, डावा पाय मातीवर टेकवतो आणि आडवाच्या आडवा वळतो. चाकाखालची माती उडून बघणाऱ्यांच्या अंगावर पडते. त्या दिवशी ती काकांच्या अंगावर पडली. ते फ्लीसचं जॅकेट त्यांनी पुढे कधी धुवू दिलं नाही, असं काकू कपाळाला हात लावून सांगायच्या.

"कुस्तीचं मैदान आठवलं बघ," काका मला म्हणाले होते. "तसाच मातीचा वास. पर पोरं नव्हती. बाकांवर सगळी म्हातारी, मांडीवर पांघरुणं घेऊन बसलेली. मी मालकिणीला विचारलं, पोरं कुठायत? ती म्हणाली, सॉकरला असतील, न्हाईतर फोनवर. म्हटलं, बाई, पोरं नसलेलं मैदान मी मरताना बघितलंय."

ते त्यांच्या गल्लीतलं मैदान. आधी पोरं यायची थांबली, मग पोरांना खांद्यावर बसवून आणणारे बाप थांबले, मग पैलवान. आता तिथे मंगल कार्यालय आहे. काका हे सांगायला लागले की मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

मालकीण म्हणजे लॉरा. तिच्या नवऱ्याने तो ट्रॅक बांधला होता आणि तो गेल्यावर ती एकटी चालवत होती. ती स्पष्टच बोलली. अजून थोडे सीझन बघते, फॅमिलीज आल्या तर ठीक, नाहीतर जागा विकून मुलीकडे राहायला जाते. तिने हे सहज सांगितलं असणार. काकांनी ते अंगावर घेतलं. रस्त्यात भेटलेल्या बाईचं मैदान वाचवायचा विडा या माणसाने का उचलावा, ते शालनकाकूंनाही कधी कळलं नाही. मला वाटतं, कोल्हापूरच्या त्या मैदानासाठी त्यांना काही करता आलं नव्हतं, ते त्यांना आत कुठेतरी खात होतं.

तिथून पुढे त्यांनी आमचा जो पिच्छा पुरवला, त्याला तोड नाही. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कढीपत्त्याच्या शेजारी ते हातात हेल्मेट घेऊन उभे असायचे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मागेपुढे करून प्रत्येक पोराच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचे. आणि आमचे लोक! प्रश्न विचारण्यात आपला हात कोण धरणार? सेफ आहे का, पार्किंग आहे का, व्हेज काय मिळतं, रेस्टरूम क्लीन आहे का. पाच वर्षांच्या मुलाच्या बापाने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, हे कॉलेज ॲप्लिकेशनमध्ये दाखवता येतं का?"

"ते मला म्हाईत न्हाई," काका म्हणाले. "पर पोरगं दोन तास फोन मागणार न्हाई, एवढं लिहून देतो."

त्या माणसाची बायको तिथल्या तिथे म्हणाली, "आम्ही येतो."

व्हेजचा प्रश्न त्यांनी लॉराशी बोलून सोडवला. ट्रॅकवर बाहेरचं खाणं चालत नसे, आणि आतल्या टपरीवर हॉटडॉगशिवाय काही नसे. काकांनी काय जादू केली कोण जाणे, पण पुढच्या सीझनपासून मराठी मंडळी डबे घेऊन आत जाऊ लागली. मातीचा प्रश्न त्याहून सोपा होता. आमच्या इथे रेनकोट नसलेलं घर सापडणार नाही. पहिल्या वळणावर, जिथे सगळ्यांत जास्त माती उडते तिथे, काकांनी पोरांना रेनकोट घालून कुंपणाशी ओळीत उभं केलं. गाड्या वळल्या, फर्रकन माती आली, आणि पोरांनी जी किंकाळी फोडली ती आनंदाची आहे हे कळायला आया-बापांना जरा वेळ लागला. मी मुळात आवाजाची शत्रू. पण ईरा चार वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा तिथून घरी येताना, केसांत माती, दातांत माती, ती मला म्हणाली, "आई, can we live there?"

लॉराचा जुना अनाउन्सर सोडून गेला तेव्हा माइक काकांच्या हातात आला. मग काय विचारता! कुस्तीच्या मैदानात लाउडस्पीकरवर जसं पुकारतात तसं ते अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत पुकारायचे. "निळा पुढं हाय, निळा पुढं हाय, पर पिवळा काय ऐकत न्हाई! आतून आला! आतून आला! लेडीज अँड जेंटलमेन, पिवळा आतून आला!" तिथली पांघरूणवाली म्हातारी गोरी माणसंसुद्धा हळूहळू उभी राहून "आतून! आतून!" ओरडायला लागली. अर्थ कुणाला ठाऊक होता देव जाणे.

पिवळ्या हेल्मेटवाला तो वेस. रायडर्समध्ये वयाने सगळ्यांत मोठा, एरवी इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. पोरांचा तो लाडका, कारण जिंकला की गाडीवरून उतरून नाचायचा. नाच म्हणजे काय, मांड्यांवर थापट्या मारायच्या, हात झटकायचे, गोल गोल फिरायचं. काका माइकवरून म्हणायचे, "वाजवा टाळ्या!" आणि पोरं ठेका धरायची. सीझनच्या शेवटी बाकं निम्मी भरायला लागली होती, त्यात आपली पोरं होती, मेक्सिकन पोरं होती, गोरी पोरं होती. लॉराने मुलीकडे जायचं नाव काढणं बंद केलं. काका त्या दिवसांत इतके खूश होते की रस्त्याने चालताना एकटेच काहीतरी पुकारत असायचे.

मग त्यांच्या डोक्यात खंडेनवमी आली. आपण दसऱ्याच्या सुमाराला हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा करतो. इथेही लोक ड्राइव्हवेमध्ये गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून फोटो काढतात. काका म्हणाले, घरी कशाला, मैदानावर करू. रेसच्या गाड्यांना झेंडूचे हार घालू, पोरांच्या हातून हळदकुंकू लावू, नारळ फोडू, मग रेस बघू. ग्रुपवर मेसेज गेला आणि बघता बघता सगळे तयार झाले. मुलांना कल्चर मिळतं, आपल्याला फोटो मिळतात, व्हेजचा डबा आहेच. एवढे आपले लोक त्या ट्रॅकवर त्याआधी कधी आले नव्हते.

काकांनी सगळं नीट ठरवलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. पूजा गाड्या ठेवतात त्या कुंपणाच्या बाहेर, गवतावर. ज्यांची पूजा त्या गाड्यांच्या टाक्या रिकाम्या. निरांजन एकदाच ओवाळायचं आणि लगेच विझवायचं. या गाड्या मेथॅनॉलवर चालतात, आणि मेथॅनॉलची आग उन्हात दिसत नाही. ज्योत नाही, धूर नाही. हे आम्हांला भालूकाकांनीच माइकवरून कितीदा तरी सांगितलं होतं. पोरांना ते भुताच्या गोष्टीसारखं आवडायचं.

पूजा ठरल्याप्रमाणे झाली. निरांजन विझलं. आणि मग एक कुटुंब उशिरा आलं. हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मुलं रडकुंडीला आलेली, त्यांना वेसच्याच गाडीला हार घालायचा होता. वेस नुकताच सरावाच्या फेऱ्या मारून आला होता. पोरांचे चेहरे बघून तो गाडी तशीच ढकलत गवतावर घेऊन आला. रेसचा सूट कमरेपर्यंत उतरवलेला, दंड उघडे. काकांनी निरांजन पुन्हा लावलं. पोरं घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नाही. ताट त्यांनी त्या बाईंच्या हातात दिलं आणि पुढची रेस पुकारायला माइककडे गेले. बाईंनी ओवाळलं, आणि आपण घरी ठेवतो तसं ताट पुढच्या चाकापाशी खाली ठेवलं. टाकीची तोटी उघडी राहिली होती. खाली ठिबकत होतं.

मी बाकावर होते. मला दिसलं ते एवढंच, की वेसने मागे उडी मारली. मग त्याने मांडीवर थापट्या मारल्या, हात झटकले, गोल फिरला. लख्ख ऊन होतं. झेंडूचे हार दिसत होते, लिंबं दिसत होती, आणि वेस नाचताना दिसत होता.

वरून लाउडस्पीकरवर भालूकाकांचा आवाज आला, "आला रे आला! आमच्या वेसच्या अंगात आलं! वाजवा पोरांनो, टाळ्या वाजवा!"

पोरांनी वाजवल्या. ईरा बाकावर उभी राहून वाजवत होती. सगळे हसत होते. वेसच्या मेकॅनिकला कळलं आणि तो पाण्याची बादली घेऊन धावला, तेव्हाही लोकांना वाटलं की चेष्टा चाललीय. पाणी पडलं, वेस खाली बसला, आणि त्याचा डावा हात आम्हांला दिसला. पुढच्या बाकांवरच्या टाळ्या आधी थांबल्या, मागच्या नंतर. एक लहान मूल शेवटपर्यंत एकटंच वाजवत राहिलं. त्याच्या आईने त्याचे हात धरले तेव्हा ते थांबलं.

वेस वाचला. बरेच आठवडे हॉस्पिटलमध्ये होता, पायाची कातडी काढून हातावर लावली, आणि त्या हाताची मूठ पुन्हा नीट वळली नाही, म्हणून रेस सुटली ती सुटलीच. आमच्या ग्रुपवर दोन दिवस खूप मेसेज आले, मग कुणी काही लिहिना. त्या सीझनमध्ये पुन्हा कुणी गेलं नाही. ताट खाली कुणी ठेवलं, यावर मात्र घराघरांत कुजबुज चालायची. भालूकाकांसमोर ते नाव कुणी काढायचा प्रयत्न केला की ते हात वर करून थांबवायचे. "ताट माझं होतं," म्हणायचे, बस. ती बाई कोण, हे आजही बऱ्याच जणांना माहीत नाही, ते काकांमुळे.

त्यानंतर काकांनी ड्रायव्हिंग सोडून दिलं होतं, म्हणून हॉस्पिटलमध्ये त्यांना मी घेऊन गेले. वेस उशीला टेकून बसला होता. आम्हांला बघून हसला. म्हणाला, "भालू, तू तिकडे वर होतास, तुला कसं दिसणार? माझा नाच मुळातच इतका वाईट आहे. मी तिथे बसलो असतो तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या." मोठ्या मनाचा माणूस. मला रडू आलं. काका त्याच्या बँडेजकडे बघत उभे राहिले. त्यांनी एकदाच विचारलं, "तू ओरडला होतास?" वेसने खांदे उडवले. म्हणाला, ओरडलो असेन, आठवत नाही.

परत येताना गाडीत ते वायपरकडे बघत बसले होते. बाहेर पाऊस लागला होता. मग म्हणाले, "तो मेकॅनिक सांगत होता, वेस हाका मारत होता म्हणून. पाणी, पाणी, म्हणून. माझ्या स्पीकरमुळं कुणाला ऐकू गेलं न्हाई."

मी म्हटलं, "काका, असं मनाला लावून घेऊ नका." पण त्या माणसाने ते मनाला लावून घेतलं आणि मग काढलंच नाही. घरात काकूंनी शेगडी लावली की ते येऊन वर तळहात धरायचे, दिसतोय त्याहून जास्त जाळ तर नाही ना हे बघायला. उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाजवळून हात फिरवायचे, आपण कपड्यावरचा दोरा झटकावा तसा. "परवा पोस्टमनला हात लावला," काकू मला हळू आवाजात म्हणाल्या. "तो बिचारा घाबरला. मी सांगितलं, सॉरी, ही इज ओल्ड." त्या हसल्या आणि मग एकदम ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

हिवाळा सरला, सीझन सुरू झाला, आणि काका कुणाच्या तरी गाडीत बसून ट्रॅकवर गेले. मला वाटलं होतं, ते त्या बाजूला फिरकणार नाहीत. वेसही आला होता, आता तो गाड्यांचं काम बघायचा. लॉराने माइक काकांच्या पुढे धरला. त्यांनी मान हलवली. गाड्या बाहेर येतात त्या फाटकापाशी पाण्याने भरलेली बादली घेऊन ते उभे राहिले. मेथॅनॉलवर पाणी ओतलं की आग विझते. रेसकडे त्यांची पाठ असायची. ते बाकांकडे बघत उभे राहायचे. बाकांवर पुन्हा तीच पांघरूणवाली म्हातारी माणसं होती. लॉरा पुन्हा मुलीकडे जायचं बोलायला लागली होती. ते काकांना ऐकू जायचं.

मी ईराला घेऊन जायचे. ईराने हट्ट धरला होता हे एक, आणि काकांना बाकांवर एक तरी ओळखीचं पोर दिसावं हे दुसरं. माझा नवरा मंदार म्हणायचा, वेडी आहेस. असेन.

एका रविवारी टायलर नावाचा नवा पोरगा जिंकला. वेसला तो गुरू मानायचा. गाडीवरून उतरला आणि वेसच्या मानासाठी म्हणून वेसचा नाच नाचायला लागला. मांडीवर थापट्या, हात झटकायचे, गोल फिरायचं. होती नव्हती तेवढी पोरं हसली, टाळ्या वाजवायला लागली. काका बादली घेऊन धावले. या वयात इतकं धावता येतं? सगळी बादली त्यांनी टायलरच्या डोक्यावरून ओतली, मग ती फेकून देऊन त्याचे दंड दोन्ही हातांनी चाचपायला लागले. "कुठं? कुठं लागलं?" मराठीतच विचारत होते. टायलर निथळत उभा. बाकांवर हसून हसून मुरकुंडी वळली होती.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. पुढच्या वेळी तो बघून बरीच पोरं आली, त्यापुढच्या वेळी आणखी. आमच्या ग्रुपवरही तो फिरला, खाली हसण्याच्या खुणा, आणि मग कुणीतरी लिहिलं, जायचं का या संडेला? लोक विसरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोरं काकांना बकेट अंकल म्हणायला लागली. लॉरा एके दिवशी त्यांच्याजवळ आली. मी तिथेच होते. तिला बोलायला जड जात होतं. म्हणाली, "भालू, मुलांना ते फार आवडतंय. प्रत्येक जिंकणाऱ्यावर पाणी ओतशील का? नको वाटत असेल तर नको."

काकांनी विचारलं, "पोरं येतील?"

"येतील."

"मग करतो."

सगळ्यांना वाटायचं म्हातारा नाटक छान करतो. जिंकणारा नाचायचा, पोरं टाळ्या वाजवायची, काका धावायचे, पाणी, हशा. मी जवळ बसायचे म्हणून मला त्यांचा चेहरा दिसायचा. तिथे नाटक नव्हतं. प्रत्येक वेळी ते खरोखर विझवायला धावत होते. आणि हे आणखी कुणाला कळलं असेल तर रायडर्सना. आपसांत त्यांनी काही ठरवलं होतं का माहीत नाही, पण पाणी पडलं की तो जिंकलेला पोरगा नाचणं थांबवायचा, दोन्ही हात पुढे करून शांत उभा राहायचा, आणि काकांचं चाचपून होईपर्यंत हलायचा नाही. काका त्याच्या पाठीवर थोपटायचे, तेव्हा कुठे तो जायचा. मी लॉराला एकदा म्हटलं, हे बंद कर, त्यांना त्रास होतोय. ती म्हणाली, मी त्यांना तसं म्हटलं होतं. त्यांनीच विचारलं, मग बाकं कशी भरणार?

त्यानंतरच्या थंडीत काका झोपेत गेले. सीझन संपल्यावर ते जाईपर्यंत मी त्यांना रस्त्यावर येता-जाता पाहिलं, पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो त्या सीझनचा शेवटचा रविवार. बाकं गच्च भरली होती. कुंपणाशी पोरांची रांग एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत. शेवटची रेस होऊन गेली होती, पाणी ओतून झालं होतं, आणि काकांनी सवयीने बादली पुन्हा भरून ठेवली होती. तेवढ्यात वाऱ्याने कुणाची तरी टोपी ट्रॅकवर गेली, लॉराचा कुत्रा ती घेऊन पळत सुटला, आणि सगळी पोरं खदाखदा हसायला आणि टाळ्या वाजवायला लागली.

काका फाटकापाशी वळले. ट्रॅकवर माणूस नव्हता. त्यांनी बादली उचलली आणि ट्रॅकच्या आतल्या गवताच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जागच्या जागी गोल वळले. टाळ्या तर चालल्या होत्या, आणि जळतंय कोण ते त्यांना सापडत नव्हतं. पोरांनी त्यांना भरलेली बादली घेऊन असं उभं पाहिलं मात्र, त्यांना चेव आला. "बकेट अंकल! मी! Me! Me! Over here!" सगळी रांगच्या रांग उड्या मारायला लागली, हात हलवायला लागली, छातीवर हात मारून दाखवायला लागली. वेस मागून "भालू! भालू!" म्हणून हाका मारत होता. ते कुंपणाकडे निघाले होते.

पहिल्या पोरापाशी ते पोचले तेव्हा मला वाटलं, आता सगळं पाणी त्याच्यावर ओतणार. ते थांबले. त्यांनी रांगेच्या त्या टोकापर्यंत नजर टाकली. मग बादलीत बघितलं. मग त्यांनी हात बुडवला आणि ओंजळभर पाणी त्या पोराच्या डोक्यावर सोडलं, कुंपणातून त्याचे दोन्ही दंड चाचपले आणि पुढच्या पोराकडे सरकले. एकेकाला एक ओंजळ. ईराही रांगेत होती. तिला त्यांनी विचारलं, "लागलं न्हाई ना?" ती म्हणाली, "नाही, काका, do it again." मला ओरडून सांगायचं होतं, काका, बास, कुणी जळत नाहीये.

शेवटच्या पोरापर्यंत पाणी पुरलं. तळाशी उरलेलं सगळं त्यांनी त्याच्यावर ओतलं, त्याचे हात बघितले आणि मान वर केली. पहिलं पोर अजून उड्या मारत होतं, हात हलवत होतं. भालूकाका रिकामी बादली घेऊन पाणी आणायला धावले.